भटकणारं कुत्रं अंगणात कसं राखायचं

कोल्हापुरात नवी घरं आता पेठांपेक्षा कळंबा, पाचगाव, फुलेवाडी, उचगाव या बाजूला जास्त होतात. थोडीफार मोकळी जागा असते, पुढं अंगण, मागं परडं, आणि राहायला गेल्यावर लवकरच घरात कुत्रं येतं. कुणी गल्लीतलं पिल्लू उचलून आणतं, कुणी हौसेनं कारवानी जातीचं शिकारी कुत्रं पाळतं. सुरुवातीला ते पायात घुटमळत असतं. आठ-दहा महिन्यांचं झालं की गेटच्या फटीतून बाहेर पडायला शिकतं आणि एकदा बाहेरची चव लागली की रोज जातं. पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्यांना इथून पुढं काय करायचं ते कळत नाही. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहीत आहे.

अशा वेळी घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "बांधून टाका की त्याला." दिवसभर साखळीला बांधणं हा उपाय नाही, हे आधीच सांगतो. बांधलेलं कुत्रं चिडकं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यावर धावतं, आणि एखाद दिवशी साखळी सुटली की आधी पळायचं त्याच्या दुप्पट लांब पळतं. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. पाहुणे आले, गेटचं काम चाललंय, अशा वेळी तास-अर्धा तास बांधलं तर हरकत नाही. तेव्हाही गळपट्ट्याऐवजी छातीला लावायचा पट्टा वापरा आणि कुत्रं भिंतीवरून पलीकडं उडी मारू शकेल अशा जागी कधीच बांधू नका. भिंतीपलीकडं लोंबकळून गळफास लागतो.

आधी आठवडाभर नुसतं बघा

गवंड्याला किंवा वेल्डरला बोलवायच्या आधी कुत्रं कधी जातं, कुठून जातं आणि कशासाठी जातं ही तीन उत्तरं मिळवा. ती न मिळवता भिंत उंच केली आणि कुत्रं गेटखालून जात असेल, तर पैसे वाया गेले.

कुठून जातं ते शोधायला कंपाउंडच्या कडेकडेनं चाला, आणि चालून झाल्यावर जमिनीवर बसून, गरज पडली तर पालथं पडून बघा. उभ्यानं जी फट दोन बोटांची वाटते ती खालून बघितली की वीतभर निघते. जाळीच्या तारेत अडकलेले केस, भिंतीवर एकाच ठिकाणी उमटलेले मातीचे पंजे, गवतात पडलेली पायवाट, कोपऱ्यात भुसभुशीत झालेली माती या खुणा ओळखता येतात. गेटच्या खालच्या पट्टीला पोट घासून तेवढाच भाग चकाकत असेल तर वाट तिथंच आहे. भिंतीला लागून काय ठेवलंय तेही बघा. कुंड्या, विटांचा ढीग, पाण्याची टाकी, जुना पलंग, उभी केलेली मोटारसायकल, हे सगळं कुत्र्याच्या दृष्टीनं जिना आहे. नुसतं हे सामान भिंतीपासून पाच-सहा फूट आत ओढलं तरी कित्येक घरांतला प्रश्न तिथंच मिटतो.

कधी जातं यावरून कारण कळतं. रोज ठरावीक वेळेला जात असेल तर बहुतेक कुठंतरी खायला मिळतंय, चिकनच्या दुकानामागं किंवा कुणीतरी माया करून भाकरी टाकतंय. तुम्ही कामावर गेल्यावरच जात असेल तर कंटाळलंय. फटाके किंवा डॉल्बी वाजल्यावर गेलं तर भीती. आणि नर कुत्रं दोन-दोन दिवस बेपत्ता होत असेल, जेवणाचीही शुद्ध नसेल, तर आसपास कुठंतरी मादी माजावर आहे. प्रत्येकाचा इलाज वेगळा.

भिंत आणि जाळी

साध्या गावठी कुत्र्याला पाच फूट उंची बहुधा पुरते. कारवानीचं तसं नाही. लांब पायांचं, नजरेनं शिकार करणारं कुत्रं ते; मांजर दिसलं की सहा फुटांचीही पर्वा करत नाही. त्याच्यासाठी सहा फूट उंची आणि वर आतल्या बाजूला कललेली दीड फुटाची जाळी लावा. अँगलचे तिरके तुकडे वेल्डिंग करून त्यावर जाळी ताणली की झालं. उद्यमनगरात अशी कामं करणारी फॅब्रिकेशनची दुकानं ओळीनं आहेत. माप आणि एक फोटो घेऊन गेलात तर लगेच अंदाज देतात. तिथं सांगताना "कंपाउंडवर जाळी" एवढंच सांगू नका, "कुत्रं आतून बाहेर जाऊ नये म्हणून जाळी आत कललेली पाहिजे" असं स्पष्ट सांगा. नाहीतर सवयीनं ते चोराला अडवायला करतात तशी बाहेर कललेली करून देतील.

दुसरा चांगला उपाय म्हणजे भिंतीच्या वरच्या कडेनं तार ताणून त्यात चार इंची पीव्हीसी पाइप ओवणं. कुत्रं वर पंजे टेकतं, पाइप फिरतो, पकड मिळत नाही आणि ते खाली उतरतं. इजा काहीच नाही.

नवीन जाळी घेत असाल तर दोन इंचाच्या घरांची जस्ताची जाळी घ्या. लहान पिल्लू असेल तर खालच्या दोन फुटांना याहून बारीक जाळी जोडा, कारण डोकं गेलं तिथून पिल्लाचं अंगही जातं. काही कुत्री जाळीत पंजे रोवून चढतात. तिथं खालच्या तीन-चार फुटांवर पत्रा किंवा हिरवं शेडनेट बांधा. चढायला आधार राहत नाही आणि रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं, प्रत्येक सायकल दिसत नसल्यामुळे उसळणंही कमी होतं.

खांब रोवताना आपल्याकडची माती लक्षात घ्या. काळ्या मातीच्या रानात घर असेल तर उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि वरवर रोवलेले खांब दोन वर्षांत हलायला लागतात. मुरूम लागेपर्यंत, निदान दोन फूट, खड्डा काढून काँक्रीट भरा.

उकरून जाणाऱ्या कुत्र्यांसाठी उंचीचा काही उपयोग नाही. जाळीच्या तळाला आणखी दीड-दोन फूट रुंद जाळी जोडून ती आतल्या बाजूला जमिनीवर आडवी पसरा, सळईच्या आकड्यांनी घट्ट करा आणि वर माती टाका. कुत्रं नेहमी कुंपणाला अगदी चिकटून उकरतं. तिथं पंजाला तार लागते आणि दोन फूट मागं सरकून उकरायला सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. जाळी नको असेल तर शहाबादी फरशीचे तुकडे कडेनं उभे गाडले तरी चालतं. हे काम मे महिन्यात उरकून घ्या. जूनमध्ये माती मऊ झाली की एका रात्रीत अंग जाईल एवढं भगदाड पडतं.

काही गोष्टी अजिबात करू नका. भिंतीवर काचा रोवू नका, पंजे फाटतात आणि जखम चिघळते. काटेरी तारेनं डोळा जातो. शेतातलं झटका मशिन कुत्र्यासाठी नाही. घाबरलेलं कुत्रं झटका खाऊनही तारेतून बाहेर पडतं आणि मग त्याच तारेच्या भीतीनं परत आत येत नाही. घरातल्या लाइनचा करंट कुंपणाला सोडणं तर जिवाशी खेळ आहे, कुत्र्याच्याच नव्हे तर शेजारच्या पोराच्याही, आणि तो गुन्हा आहे.

गेट

माझ्या पाहण्यात भिंतीवरून जाणाऱ्या कुत्र्यांपेक्षा गेटमधून जाणारी कितीतरी जास्त. म्हणून पैसे कमी असतील तर आधी गेटवर खर्च करा.

गेटखाली दोन इंचांपेक्षा जास्त फट नको. उतारामुळे एका टोकाला फट राहत असेल तर तिथं रबराची जाड पट्टी बोल्टनं बसवा. जमिनीला घासली तरी गेट अडत नाही. सरकतं गेट असेल तर त्याच्या रुळाकडं लक्ष द्या. पावसाळ्यात रुळात चिखल आणि पानं साचतात, गेट शेवटचे चार इंच सरकत नाही आणि घरातला माणूस "लागलं" समजून निघून जातो. रूळ आठवड्यातून एकदा सळईनं साफ करायचा. नेहमीची उचलायची कडी हुशार कुत्रं नाकानं उचलतं. कडीच्या भोकात एक छोटा हूक अडकवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. बिजागरी स्प्रिंगची बसवली तर गेट आपोआप मिटतं.

गाडी काढताना काय करायचं हा खरा अडचणीचा क्षण. सकाळची घाई, गेट सताड उघडं, स्कूटर बाहेर, आणि कुत्रं स्कूटरच्या पुढं. यावर मला पटलेला एकच पक्का उपाय आहे: दुहेरी फाटक. पोर्च आणि अंगण यांच्यामध्ये चार फुटी जाळीचं छोटं फाटक बसवायचं. आतलं लावल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही. दूधवाले मामा, पेपरवाला, सिलिंडरवाले, धुण्या-भांड्याला येणाऱ्या मावशी, या सगळ्यांना एकदा प्रत्यक्ष करून दाखवा. पाटी लावली तरी घाईत कुणी वाचत नाही.

आत राहावंसं वाटलं पाहिजे

नुसत्या भिंतीनं काम भागत नाही. कुत्र्याला बाहेर जे मिळतंय त्यातलं बरंचसं आत किंवा तुमच्यासोबत मिळालं तरच ते टिकतं. ज्या घरात दिवसातून दोनदा फिरवणं होतं तिथलं कुत्रं भिंतीकडं फारसं बघतही नाही.

सकाळी आणि संध्याकाळी निदान अर्धा-अर्धा तास, पट्टा लावून. एप्रिल-मे महिन्यात सकाळी सात वाजायच्या आत परत या. डांबरी रस्त्यावर आपला तळहात पाच सेकंद टेकवून बघा, सहन झाला नाही तर त्याच्या पंजांनाही सहन होत नाही. चालताना त्याला हुंगू द्या. भराभर ओढत नेलेल्या दोन किलोमीटरांपेक्षा हुंगत केलेला एक किलोमीटर त्याला जास्त दमवतो. फिरून आल्यावर लगेच जेवण द्या. फेरी संपली की घरी खायला मिळतं हे डोक्यात बसलं की घराची ओढ वाढते.

जेवण दोन ठरावीक वेळांना, भांडं भरून दिवसभर ठेवायचं नाही. रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा उरला म्हणून त्याच्या भांड्यात ओतू नका. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक असतात, आणि शिजवलेलं हाड फुटून त्याच्या धारदार काड्या आतड्यात रुततात. कुणी शेजारी प्रेमानं खायला घालत असतील तर भांडण नको. जाऊन सांगा, "काकू, तुम्हाला द्यायचंच आहे तर आमच्या गेटच्या आत येऊन द्या." बहुतेक जण आनंदानं ऐकतात, आणि कुत्र्याचं बाहेर जायचं एक कारण कमी होतं.

अंगणात सावली, ताजं पाणी आणि कोरडी जागा हवी. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस दिवस-दिवस उघडत नाही. तेव्हा जमिनीपासून अर्धा फूट उंच लाकडी फळ्यांचा चौथरा आणि वर पत्रा एवढं तरी करा. नाहीतर ते कोरडी जागा शोधत शेजारच्या जिन्याखाली जाऊन बसेल. उकरायची फार हौस असेल तर परड्याच्या एका कोपऱ्यात वाळू टाकून तो कोपरा त्याच्या मालकीचा करा. खेळणं किंवा खाऊ तिथं पुरून ठेवलात तर कुंपणाकडचं उकरणं कमी होतं.

हाकेला येणं आणि उंबऱ्यावर थांबणं

या दोन गोष्टी शिकवल्यात तर निम्मी काळजी मिटते. पंधरा-वीस फुटांची हलकी दोरी पट्ट्याला बांधा आणि अंगणातच सराव करा. नाव घेऊन "ये" म्हणायचं, आलं की लगेच फुटाणाएवढा अंड्याचा किंवा चिकनचा तुकडा. दिवसातून दोन-तीन वेळा पाच मिनिटं पुरे. "ये" हा शब्द औषध पाजायला, आंघोळ घालायला किंवा रागवायला कधीही वापरू नका. आणि तीन तास शोधून ते परत आलं तरी मारू नका. कुत्र्याला "पळून गेलो म्हणून मार" हे कळत नाही. "घरी आलो की मार" एवढंच कळतं, आणि पुढच्या वेळी ते यायलाच कचरतं.

गेटजवळ "थांब" शिकवताना गेट वीतभर उघडा. पुढं आलं की मिटवा. बसून राहिलं की खाऊ द्या आणि मग तुम्ही सांगाल तेव्हाच बाहेर. गल्लीतून आणलेल्या मोठ्या कुत्र्याला हे सगळं शिकायला जास्त वेळ लागतो. पहिले काही आठवडे त्याला अंगणातही एकटं सोडू नका. रोज पट्टा धरून कंपाउंडच्या आतून फेरी मारा, म्हणजे आपली हद्द त्याला कळते.

नसबंदी आणि लसी

मादी साधारण दर सहा महिन्यांनी माजावर येते आणि तीन आठवड्यांपर्यंत तिचा वास लांबवरच्या नरांना ओढून आणतो. त्या काळात कुठलीही भिंत अपुरी पडते, बाहेरून येणाऱ्यांनाही आणि आतून जाणाऱ्यांनाही. नर असो की मादी, पशुवैद्यकांना विचारून योग्य वयात नसबंदी करून घ्या. नराचं भटकणं त्यानं बरंच कमी होतं, पण जुनी सवय असेल तर लगेच नाही, काही आठवडे-महिने जातात.

रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात आणि मग दरवर्षी. त्यासोबतच्या मिश्र लसीत लेप्टोस्पायरोसिसचं संरक्षण आहे ना ते विचारा, कारण पावसाळ्यात उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून तो रोग पसरतो. महापालिका हद्दीत राहत असाल तर कुत्र्याच्या परवान्याची चौकशी करा. लसीचं कार्ड हाताशी ठेवा. कुत्रं बाहेर जाऊन कुणाला चावलं तर जबाबदारी मालकाची. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्या माणसाला त्याच दिवशी सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात न्यायचं. कुत्र्याला लस दिलेली असली तरीही.

कोल्हापूरचे धोक्याचे दिवस

दिवाळीचे फटाके सगळीकडंच असतात. आपल्याकडं त्यात भर म्हणजे गणपती विसर्जनाची रात्रभर चालणारी मिरवणूक आणि फुटबॉलचा हंगाम. शाहू स्टेडियमवर फायनल संपली की शिवाजी पेठ, मंगळवार पेठ परिसरात गुलाल, फटाके आणि गाड्यांचे सायलेन्सर एकदमच सुरू होतात. घाबरलेलं कुत्रं एरवी कधी मारली नाही अशी उडी मारतं. मॅच आहे हे माहीत असतं, तेव्हा अंधार पडायच्या आत त्याला फिरवून आणा आणि घरात घ्या. खिडक्या लावा, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा, पलंगाखाली जाऊन बसलं तर ओढून काढू नका.

शहराच्या कडेला, उसाच्या रानाला लागून घर असेल तर काळजी वेगळी. उसात रानडुकरांसाठी फास लावलेले असतात, आणि पन्हाळा-शाहूवाडीच्या बाजूला बिबट्याचा वावर असतो. कुत्रं हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य. तिकडं रात्री कुत्रं अंगणात ठेवूच नका, घरात किंवा वरून बंद असलेल्या पिंजऱ्यात ठेवा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात, दुहेरी ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला पटकन थांबता येत नाही.

पुराचं मात्र सगळ्यांत आधी ठरवून ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ साली शाहूपुरी, सुतारवाडा, आंबेवाडी, चिखलीकडच्या लोकांनी पाणी किती झपाट्यानं चढतं ते पाहिलंय. पूरपट्ट्यात राहत असाल तर ३९ फुटांची बातमी आली की कुत्र्याला उंचावरच्या पाहुण्यांकडं हलवा. ज्या कंपाउंडनं त्याला एरवी सुरक्षित ठेवलं त्यातच ते अडकून बुडू शकतं. काही कारणानं सोबत नेता आलं नाही तर बांधून किंवा गेट लावून कधीही जाऊ नका.

तरीही निसटलं तर

गळपट्ट्यावर नाव नको, फोन नंबर हवा, तोही पत्र्यावर कोरलेला. शाई पावसात जाते. एक समोरून आणि एक बाजूनं असे स्पष्ट फोटो फोनमध्ये ठेवा.

निसटलेलं दिसलं तर मागं धावू नका, त्याला तो खेळ वाटतो. उलट दिशेनं चालायला लागा, खाली बसा, नेहमीच्या भांड्याचा आवाज करा. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा की हाकलू नका, फोन करा. दिसेनासं झालं असेल तर पहिल्या दोन तासांत त्याच्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवर, चिकनच्या दुकानांच्या मागं आणि जवळच्या बांधकामांवर बघा. गल्लीच्या आणि जवळच्या तालमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाका. गेट उघडं ठेवून आत त्याचं अंथरूण आणि पाणी ठेवा, बरीच कुत्री मध्यरात्रीनंतर वर्दळ थांबल्यावर आपणहून परततात.

परत आल्यावर पाणी द्या, पंजे, कान आणि काखा तपासा, गोचीड काढा, दुसऱ्या जनावरानं चावल्याची खूण असेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. मग बॅटरी घेऊन कंपाउंडची फेरी मारा आणि नवी वाट शोधून काढा. वेल्डर उद्या येईल, पण आज रात्रीपुरती तिथं एक फरशी तरी घट्ट टेकवून ठेवा.